तीन प्रतींचे दप्तर

सुरतेहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता नवापूर मागे टाकून कोंडाईबारीच्या घाटाच्या दिशेने निघाला, की वाटेत विसरवाडी लागते. येथून एक फाटा उत्तरेस नंदुरबारकडे फुटतो. आणि त्या फाट्याने नंदुरबार ओलांडून, प्रकाशा येथे तापीचे पात्र पार करून जो प्रवासी शहादे तालुक्याच्या शिवारात शिरतो, त्याला टेंभली नावाचे एक लहान गाव भेटते. २९ सप्टेंबर २०१० रोजी ह्या टेंभलीत, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांच्या उपस्थितीत, देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले. समारंभाची वर्णने त्या वेळी वृत्तपत्रांतून पुष्कळ आली. परंतु ज्या प्रश्नाने तेव्हापासून माझ्या मनात घर केले आहे तो समारंभाचा नव्हे, दप्तराचा आहे. टेंभलीच्या एका बाईने आपली दहा बोटे काचेवर टेकविली, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा उतरवून दिली, नावगाव सांगितले. ह्या सर्वांची मिळून जी एक नोंद झाली ती गेली कोठे, ती ठेवली कोणत्या पेटीत, आणि ती पेटी उद्या जळाली, बुडाली किंवा किडली तर त्या नोंदीचे पुढे काय, हा तो प्रश्न होय.

ह्या प्रश्नाचे मोल आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील माणसास समजावून सांगावे लागत नाही. वनहक्कांचा कायदा २००६ साली संमत झाला, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण ही जमीन कसत आलो आहोत हे दाखवून देण्याचा भार दावेदारावर येऊन पडला. तेव्हा सातपुड्याच्या उतारांवर आणि नवापूरच्या डोंगरपट्टीत कित्येक घरांतून पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. कारण वनखात्याने कधी काळी अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाची पावती, जी घेताना मान खाली घालावी लागली होती, तीच आता ताब्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडणार होती. ज्या घराने ती पावती जपली होती त्याचा दावा कागदावर उभा राहिला. ज्याचे छप्पर मध्यंतरी गळले होते वा झोपडे जळाले होते त्याला वडीलधाऱ्यांच्या तोंडी जबान्यांवर भिस्त ठेवणे भाग पडले. कागद एक, प्रत एक, पेटी एक. आणि त्या एकीवर पिढ्यांचा निर्वाह टांगलेला. संगणकांच्या जगातही आरंभी सर्व दप्तराची अवस्था ह्याहून फारशी निराळी नव्हती. फाइल म्हणजे कोणत्या तरी एका यंत्रातील एका डिस्कवर असलेली वस्तू. ते यंत्र बंद, की फाइल गैरहजर.

ह्या अवस्थेतून बाहेर पडण्याचे पहिले सर्वमान्य पाऊल सन मायक्रोसिस्टम्स ह्या अमेरिकी कंपनीने १९८४ साली टाकले. नेटवर्क फाइल सिस्टीम, किंवा तिच्या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एनएफएस, ही ती व्यवस्था. तिचे तत्त्व असे, की दप्तर एका यंत्रावर राहावे, परंतु जाळ्यातील इतर यंत्रांना ते आपल्याच घरात असल्यासारखे दिसावे. वाचणाऱ्याने फाइल उघडावी, आणि मधला प्रवास त्याला जाणवूही नये. ही सोय मोठी होती आणि आजही असंख्य कचेऱ्यांतून ती नांदते आहे. तथापि तिच्यात पेटी एकच राहिली. वाचणारे शंभर झाले, ठेवणारा मात्र एकटाच.

ह्याच सुमारास पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात अँड्रू प्रकल्प आकारास येत होता, आणि मद्रासच्या आयआयटीतून शिकून गेलेले महादेव सत्यनारायणन त्यातील फाइल-व्यवस्थेच्या रचनेत अग्रभागी होते. अँड्रू फाइल सिस्टीमने, म्हणजे एएफएसने, दोन विचार रूढ केले, आणि ते दोन्ही पुढच्या सर्व प्रपंचाला पायाभूत ठरले. पहिला असा, की वाचणाऱ्याने फाइलीची नक्कल आपल्या यंत्रावर नेऊन ठेवावी, आणि मूळ फाइलीत कोणी फेरफार केल्यास तशी वर्दी देण्याचे वचन ठेवणाऱ्या यंत्राने आधीच द्यावे. म्हणजे दर वेळी विचारपूस करण्याची यातायात उरत नाही. दुसरा विचार अधिक खोल आहे: नाव आणि ठिकाण ह्यांची फारकत. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला तेव्हा विसरवाडी जागची तसूभरही हलली नाही, तिचे नाव बदलले नाही, पण तिच्या वरिष्ठ कचेरीचा पत्ता धुळ्याऐवजी नंदुरबार झाला, आणि जुन्या कागदांवर ‘जिल्हा धुळे’ असे लिहून ठेवणाऱ्या प्रत्येकास तो नवा पत्ता शिकावा लागला. एएफएसमध्ये असे शिकावे लागत नाही. तेथे फाइलींचा गठ्ठा एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलविला, तरी वाचणारा ज्या नावाने ती फाइल मागतो ते नाव अढळ राहते, कारण कोणता गठ्ठा कोठे आहे ह्याची नोंद निराळ्या वहीत असते आणि बदल होतो तो त्या वहीत. दप्तर वाटून ठेवण्याची सारी विद्या ह्या वहीभोवती फिरते.

परंतु खरे वळण आले ते ऑक्टोबर २००३ मध्ये, जेव्हा गूगलच्या संजय घेमावत, हॉवर्ड गोबिऑफ आणि शुन-टाक ल्यूंग ह्या तिघांनी आपल्या फाइल-व्यवस्थेचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी दप्तर सुरक्षित राखावयाचे तर यंत्र महाग आणि मजबूत घ्यावे, अशी समजूत होती. ह्या निबंधाने ती उलटी केली: यंत्रे स्वस्त घ्यावी, हजारोंनी घ्यावी, त्यांतील काही ना काही रोज बिघडणारच हे नित्याचे समजावे, आणि प्रत्येक फाइलीचे ६४ मेगाबाइटचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन यंत्रांवर ठेवाव्या. यंत्र नश्वर मानले म्हणजे दप्तर चिरंजीव करता येते, हा त्याचा गाभा. डग कटिंग आणि माइक कॅफरेला ह्यांनी त्याच धर्तीवर सर्वांना मुक्तपणे वापरता येईल अशी व्यवस्था बांधली. कटिंग ह्यांच्या लहान मुलाच्या पिवळ्या खेळण्यातील हत्तीचे नाव तिला मिळाले आणि २००६ पासून ती हडूप ह्या नावाने जगभर पसरली. तिच्यातील फाइल-व्यवस्थेला एचडीएफएस म्हणतात. आधार प्राधिकरणाच्या तंत्रज्ञांनी आपल्या रचनेचे जे वर्णन जाहीरपणे मांडले त्यात नोंदणीची मूळ पाकिटे ह्याच एचडीएफएसवर ठेवल्याचे सांगितले आहे. अशा रीतीने टेंभलीच्या बाईची नोंद त्या हत्तीच्या पाठीवर चढली.

ह्या व्यवस्थेत यंत्रांचे दोन वर्ग असतात. पुष्कळशी यंत्रे डेटानोड म्हणून काम करतात. त्यांच्याकडे तुकडे ठेवलेले असतात, पण हा तुकडा कोणत्या फाइलीचा, ही गोष्ट त्यांना ठाऊक नसते. एक यंत्र मात्र नेमनोड असते. त्याच्याकडे फाइलीचे एक अक्षरही नसते, पण कोणत्या नावाच्या फाइलीचे किती तुकडे आणि ते कोणकोणत्या डेटानोडवर, ह्याचा सर्व हिशेब त्याच्या स्मृतीत असतो. हा हिशेब राखण्याची त्याची रीत पाहिली तेव्हा मला आपल्या तलाठ्याच्या दप्तराची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. गावात जमिनीच्या हक्कात काही बदल झाला, की तो प्रथम फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, क्रमांक घालून नोंदला जातो; नंतर तो प्रमाणित झाला म्हणजे त्याचा अंमल नमुना सातवर, म्हणजे सातबाराच्या सातवर, दिला जातो. सातबारा आजची स्थिती सांगतो. नमुना सहा ती स्थिती कशी आली हे क्रमाने सांगतो. नेमनोडही असेच करतो. प्रत्येक बदल तो आधी एका कीर्दीत टिपतो आणि तो डिस्कवर पक्का उतरल्यावाचून ‘काम झाले’ असे कोणास सांगत नाही. आणि ठराविक मुदतीने त्या कीर्दीतील सर्व फेरफार जुन्या स्थितिपत्रकात मिळवून नवे स्थितिपत्रक तयार होते. यंत्र अचानक बंद पडले तर शेवटचे स्थितिपत्रक घ्यावे, त्यावर नंतरचे फेरफार क्रमाने चढवावे, की सारा हिशेब पुन्हा उभा राहतो. सातबारे जळाले पण नमुना सहा वाचला, तर चिकाटीचा कारकून गावचे सातबारे पुन्हा लिहून काढू शकेल; येथे तीच गोष्ट क्षणार्धात घडते.

हे फेरफार मिळविण्याचे काम करणाऱ्या दुसऱ्या यंत्रास ‘सेकंडरी नेमनोड’ असे नाव मिळाले, आणि त्या नावाने अनेकांचा घात केला आहे. दुय्यम म्हणजे पहिला पडल्यास त्याच्या जागी बसणारा, असा समज करून घेऊन कित्येक नवशिके निश्चिंत झोपी गेले. वास्तविक तो केवळ दर तासाला खतावणी करणारा कारकून आहे, गादीचा वारस नव्हे.

आता कल्पना करू, की विसरवाडीतच अशी एक लहानशी व्यवस्था उभारावयाची आहे. परिसरातील गावांच्या ग्रामसभांचे ठराव, वनहक्कांच्या दाव्यांच्या प्रतिमा, वृद्धांच्या मावची आणि भिली बोलीतील कथनांची ध्वनिमुद्रणे तीत जतन करावयाची आहेत. पाच यंत्रे मिळाली: एक नेमनोड, चार डेटानोड. पहिले काम नावांचे. प्रत्येक यंत्राला कायमचे नाव आणि कायमचा पत्ता द्यावा, आणि पाचही यंत्रांना परस्परांची नावे सारखीच ठाऊक असावी. एकाला दुसरा भलत्याच नावाने ओळखत असेल, तर त्यातून असे चमत्कारिक बिघाड उद्भवतात की आठवडाभर त्यांचा माग लागत नाही. दुसरे काम घड्याळांचे. पाचांची वेळ एक असलीच पाहिजे. कारण पुढे ओळख पटविण्यासाठी केर्बेरॉस ही व्यवस्था जोडावयाची, आणि तिच्या नेहमीच्या मांडणीत पाच मिनिटांहून अधिक चुकलेल्या घड्याळाचा परवाना ती नाकारते. तिसरे काम डिस्कांचे. येथे जुन्या शहाण्यांचा हात सवयीने चुकतो: महाग यंत्रांत अनेक डिस्का एकत्र बांधून एकीची उणीव दुसरीने भरून काढण्याची जी पद्धत आहे ती डेटानोडवर लावू नये, डिस्का सुट्या सुट्या ठेवाव्या, कारण प्रती राखण्याचे काम व्यवस्था स्वतःच करणार आहे. नेमनोडची गोष्ट मात्र उलट. त्याची कीर्द निदान दोन निराळ्या डिस्कांवर एकाच वेळी लिहिली जाईल असा बंदोबस्त पहिल्याच दिवशी करावा.

चौथे काम विजेचे, आणि विसरवाडीसारख्या ठिकाणी ते अखेरचे नव्हे तर पहिले मानावे लागेल. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते हे गृहीत धरून बॅटरीचा आधार हवा. आणि तोही चार डेटानोडना एकाच संचाचा असून चालणार नाही, दोनांना एक आणि दोनांना दुसरा, असा हवा. ह्याचे कारण प्रती ठेवण्याच्या नियमात आहे. एचडीएफएस तुकड्याची पहिली प्रत लिहिणाऱ्याच्या जवळ ठेवते, दुसरी निराळ्या रॅकमधील यंत्रावर, आणि तिसरी त्या दुसऱ्याच रॅकमधील निराळ्या यंत्रावर. रॅक म्हणजे एका स्विचवर आणि एका वीजजोडणीवर असलेल्या यंत्रांची ओळ. जी एकदम बंद पडू शकते ती ओळ. पण कोणते यंत्र कोणत्या ओळीत हे व्यवस्थेला कारभाऱ्याने सांगावे लागते. न सांगितल्यास ती सर्व यंत्रे एकाच ओळीतली समजते, तिन्ही प्रती बिनदिक्कत एकाच वीजजोडणीवर ठेवते, आणि कागदोपत्री सर्व काही निर्दोष दिसत राहते. प्रती तीन असल्या तरी त्यांचे संकट एकच असेल, तर ती एकच प्रत होय, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी ताम्रपट देवळात आणि कागद घरात ठेवताना ओळखली असली पाहिजे.

ह्यानंतर नेमनोडची वही कोरी करून सुरुवात करावयाची. त्यासाठी एक आज्ञा आहे, आणि ती आयुष्यात एकदाच द्यावयाची आहे; चालू व्यवस्थेवर ती पुन्हा दिली तर डेटानोडवरील सर्व तुकडे जागच्या जागी राहूनही ते कोणाचे हे सांगणारा कोणी उरत नाही. पेशवे दप्तरातील सगळ्या रुमालांच्या गाठी सोडून कागद एकत्र मिसळावे आणि सूच्या जाळून टाकाव्या, तशी ती अवस्था. आज्ञा पाळण्यापूर्वी यंत्र ‘खरोखर करू काय’ असे विचारते, पण थकलेला माणूस रात्री दोन वाजता ‘होय’ म्हणून जातो. म्हणून ज्यांच्या हाती हा अंमल असेल त्यांनी ही आज्ञा देण्याचा अधिकार दोघांच्या संमतीखाली ठेवावा, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

व्यवस्था सुरू झाली, की ती ताबडतोब लिहून घेत नाही. नेमनोड प्रथम सेफ मोडमध्ये बसतो आणि डेटानोडांची हजेरी घेतो. तुकडे कोठे आहेत हे तो आपल्या वहीत लिहून ठेवीतच नाही. ते दर वेळी डेटानोडांनी स्वतः येऊन सांगावयाचे, कारण ज्याच्या घरात वस्तू आहे त्याचीच साक्ष खरी. दर हजारी नऊशे नव्याण्णव तुकड्यांची निदान एक प्रत हजर असल्याची खात्री पटली, की तो लिहिण्यास मोकळीक देतो. त्यानंतर प्रत्येक डेटानोड दर तीन सेकंदांनी आपली नाडी कळवितो, आणि दर सहा तासांनी आपल्याजवळच्या सर्व तुकड्यांची यादी पाठवितो. एखाद्याची नाडी दहा मिनिटे तीस सेकंद आली नाही, की नेमनोड त्याला मृत ठरवितो. इतका वेळ थांबण्यात शहाणपण आहे; जाळे क्षणभर अडखळले म्हणून जिवंत यंत्राचे मर्तिक मांडले, तर हजारो तुकड्यांच्या नव्या नकला करण्याची धावपळ उगाच उडेल आणि त्या धावपळीने जाळे आणखीच अडखळेल. पण मुदत संपली, की विलंब नाही: मृताजवळ जे तुकडे होते त्यांच्या इतरत्र असलेल्या प्रतींवरून नव्या प्रती होऊ लागतात आणि संख्या पुन्हा तीनवर येते. कोणासही उठवावे लागत नाही. विसरवाडीच्या आपल्या चार डेटानोडांपैकी एक आषाढातल्या रात्री वीज पडून गेला, तर पहाटेपर्यंत उरलेले तिघे त्याचा भार वाटून घेऊन बसलेले असतील. मात्र त्यासाठी त्या तिघांत मोकळी जागा शिल्लक हवी, आणि ती ठेवण्याचे भान यंत्रास नसते, कारभाऱ्यास असावे लागते.

आता मोठ्या दप्तराकडे वळू. आधारच्या एका नोंदणीचे पाकीट सुमारे ५ मेगाबाइटचे असते. नोंदणीच्या यंत्रावरच ते २०४८ बिटांच्या किल्लीने कुलूपबंद होते. गावात जाळे नसले तरी अडत नाही, पाकीट तसेच साठवून ठेवता येते आणि नंतर पाठविता येते. एप्रिल २०१६ मध्ये आधारधारकांची संख्या १०० कोटींवर गेली. १०० कोटी पाकिटे, दर पाकीट ५ मेगाबाइट, म्हणजे ५ पेटाबाइट. आणि त्याच्या तीन प्रती केल्या तर १५ पेटाबाइट. पण डिस्का ही ह्या कामातील सोपी अडचण आहे. कठीण अडचण लहानपणाची आहे. एचडीएफएसचा तुकडा आज साधारणपणे १२८ मेगाबाइटचा असतो. पाकीट त्याहून पुष्कळ लहान. ते डिस्कवर १२८ मेगाबाइटची जागा अडवीत नाही, स्वतःपुरतीच अडविते, हे खरे. परंतु नेमनोडच्या स्मृतीत प्रत्येक फाइलीसाठी आणि प्रत्येक तुकड्यासाठी प्रत्येकी सुमारे १५० बाइट खर्ची पडतात, मग ती फाइल डोंगराएवढी असो की चिठोऱ्याएवढी. १०० कोटी चिठोऱ्यांसाठी हा खर्च ३०० गिगाबाइट होतो, आणि तो सर्व एका यंत्राच्या स्मृतीत मावावा लागतो. म्हणून चिठोरे सुटे ठेवू नयेत, त्यांचे रुमाल बांधावे, जुने झालेले रुमाल निराळ्या संग्रहात हलवावे, हा ह्या विद्येतील पहिल्या धड्यांपैकी एक आहे. आधारच्या जाहीर रचनेतही जुनी पाकिटे एचडीएफएसवरून काढून एनएफएसच्या संग्रहात ठेवण्याची व्यवस्था होती. चाळीस वर्षांपूर्वीची ती एका पेटीची पद्धत अशी नव्याच्या शेजारी आजही आपली जागा राखून आहे, ह्याचे मला समाधान वाटते.

नेमनोड एकटा असणे ही मूळ व्यवस्थेतील मोठी उणीव होती. हडूपच्या दुसऱ्या पिढीत ती दूर झाली. आता नेमनोड दोन असतात, एक कारभार करणारा आणि दुसरा तयार उभा राहणारा. आणि कीर्द दोघांपैकी कोणाच्याच घरी न राहता तीन पंचांकडे असते, ज्यांपैकी दोघांनी टिपल्यावाचून कोणताही फेरफार पक्का होत नाही. ह्यात भय असते ते एकाच वेळी दोघांनी कारभार हाती घेण्याचे. पहिला खरोखर मेलेला नसतो, केवळ क्षणभर निःशब्द झालेला असतो. दुसरा गादीवर बसतो. पहिला जागा होतो आणि आपल्या जुन्या मोहरेने हुकूम सोडू लागतो. दोन मोहरांचे हुकूम एका मुलखात चालू झाले म्हणजे काय होते हे मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकास सांगण्याची गरज नाही. म्हणून दुसऱ्याने सूत्रे घेण्यापूर्वी पहिल्याची मोहर निरुपयोगी केली जाते: प्रत्येक कारकिर्दीस चढता क्रमांक मिळतो आणि पंच जुन्या क्रमांकाचा हुकूम घेतच नाहीत, प्रसंगी त्या यंत्राची वीजही तोडली जाते.

कारभाऱ्याचा रोजचा दिवस मात्र अशा नाट्याने भरलेला नसतो, आणि माझ्या मते त्याची खरी थोरवी ह्या नीरस दिवसांतच आहे. डिस्कवरची अक्षरे निमूटपणे कुजतात. वाचण्याची पाळी येईपर्यंत ते कळतही नाही. म्हणून दर ५१२ बाइटांच्या मागे एक बेरीज लिहिलेली असते, आणि डेटानोड दर तीन आठवड्यांत आपल्याजवळचा प्रत्येक तुकडा वाचून ती बेरीज पडताळतो. बेरीज जुळली नाही, की ती प्रत बाद आणि चांगल्या प्रतीवरून नवी. नवे यंत्र आणले, की ते रिकामे आणि जुनी भरलेली राहतात. तेव्हा भार सारखा वाटून देण्याची मोहीम काढावी लागते, आणि ती वाचणाऱ्यांच्या गर्दीच्या वेळी काढू नये. मुळात वापरणाऱ्याने ‘मी अमुक’ असे सांगितले की एचडीएफएस त्यावर विश्वास ठेवते. केर्बेरॉस जोडल्यावाचून ती दाराशी ओळख मागत नाही, आणि अशी व्यवस्था उघड्या जाळ्यावर ठेवणे म्हणजे कचेरीच्या किल्ल्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर टांगून ठेवणे होय. आणि एक गैरसमज असा आहे की तो मोडण्यासाठी मी पुनरुक्तीचाही दोष पत्करीन: तीन प्रती म्हणजे राखीव प्रत नव्हे. यंत्र मेले तर तीन प्रती तारतात. माणसाने चुकून फाइल पुसली तर ती तिन्ही ठिकाणी सारख्याच तत्परतेने पुसली जाते. पुसलेले काही काळ बाजूला ठेवणारी टोपली मूळ मांडणीत बंदच असते. ती प्रथम उघडावी, आणि त्याखेरीज सर्व दप्तराची एक नक्कल दुसऱ्या गावी, दुसऱ्या व्यवस्थेत, दुसऱ्या माणसाच्या ताब्यात ठेवावी.

ह्या सर्व निष्ठेची एक मर्यादा आहे आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. व्यवस्था जे दिले ते राखते. जे दिले ते खरे होते काय, हे ती विचारीत नाही. ज्या वृद्धेला आपली जन्मतारीख ठाऊक नाही तिची नोंद अंदाजाने केलेल्या वयावरून होते, आणि तो अंदाज दहा वर्षांनी चुकला असेल तर ती चूकही तीन ठिकाणी, बेरजा जुळवून, कुजू न देता जतन होते. त्या चुकीपायी तिचे वार्धक्याचे निवृत्तिवेतन अडले, तर नेमनोड निर्दोषच राहतो. उसाच्या फडात आणि विटांच्या भट्टीत झिजलेल्या बोटांचे ठसे रेशनच्या दुकानातील यंत्रास जुळत नाहीत, तेव्हा दूरच्या दप्तरात मूळ ठसा सुरक्षित असण्याचा त्या माणसास काय उपयोग? २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधारचा कायदा मुख्यतः वैध ठरविताना खासगी कंपन्यांना त्याची सक्ती करण्यास जी बंदी घातली, तिच्यामागेही हीच जाणीव होती, की एकत्र केलेले इतके मोठे दप्तर कोणी, कशासाठी उघडावे हा प्रश्न यंत्रांनी सोडविण्याचा नव्हे. विसरवाडीच्या आपल्या कल्पित दप्तरातही दाव्याची प्रतिमा ठेवण्यापूर्वी ती ज्याची आहे त्याला वाचून दाखविण्यासाठी एक माणूस नेमावा लागेल, आणि त्या माणसाला मावची बोलता यावी लागेल.

टेंभलीची ती नोंद २०१० साली ज्या डिस्कांवर उतरली असेल त्या डिस्का आज सेवेत असण्याचा संभव नाही; डिस्क पाच-सहा वर्षांत थकते. यंत्रास बडतर्फ करण्याचीही रीत आहे. त्याचे नाव वगळण्याच्या यादीत घालावे, म्हणजे नेमनोड त्याला नवे तुकडे देणे थांबवितो, त्याच्याजवळच्या प्रत्येक तुकड्याची दुसरीकडे प्रत झाल्याची रुजवात घेतो, आणि मगच त्याला मोकळे करतो. घाई करून दोन यंत्रे एकदम उपटली तर ज्या तुकड्यांच्या दोन प्रती त्याच दोघांवर होत्या त्यांचा जीव एका धाग्यावर लोंबतो. मोकळ्या झालेल्या यंत्रातून डिस्क बाहेर काढतात. तिच्यावर कोणाच्या तरी बोटांचे, कोणाच्या तरी नावाचे तुकडे अजून असतात. म्हणून तिच्यावर आरंभापासून अखेरपर्यंत निरर्थक अंक लिहितात, मग तिला भोके पाडतात, आणि तिचा अनुक्रमांक वहीत टिपून, दोघांच्या सह्या घेऊन, ती चुरा करण्याच्या यंत्रात टाकतात.